नियम पुस्तकात, भिंत गवंड्याच्या हातात

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांमध्ये जमीन हादरली आणि जवळपास 8 हजार माणसे झोपेतच गेली. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिज भागात 6.7 तीव्रतेचा भूकंप झाला. वेळही तशीच, पहाटे साडेचारची. वर लाखोंच्या वस्तीचे शहर आणि खाली मोकळी झालेली ऊर्जा किल्लारीच्या पाचपट. तिथे सुमारे 60 माणसे मेली. किल्लारीचा भूकंप फार उथळ होता आणि गावे अगदी त्याच्या डोक्यावर वसलेली होती, हे खरे. पण एवढ्याने 60 आणि 8 हजार यांतले अंतर भरून निघत नाही. ते भरायचे तर भिंतीकडे आणि छताकडे पाहावे लागते. त्याहीपुढे जाऊन ती भिंत रचणाऱ्या हाताला काय ठाऊक होते, हे विचारावे लागते. तीस वर्षे उलटून गेली, तरी या प्रश्नाचे उत्तर आपण शिक्षणाच्या भाषेत दिलेले नाही. पुनर्वसन, अनुदान, नियम, नकाशे या सगळ्यांची चर्चा झाली. घर बांधणाऱ्याच्या शिक्षणाचा विषय मात्र आला तसा विरून गेला.

मराठवाड्यातले दगडमातीचे घर कसे पडले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. भिंत दोन फूट, तीन फूट, कुठे त्याहूनही जाड. पाहणाऱ्याला ती किल्ल्यासारखी भक्कम वाटे. प्रत्यक्षात ती एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या बाजूने दगडांची एक रांग, आतल्या बाजूने दुसरी, आणि मधल्या पोकळीत डबर व माती असे तिचे स्वरूप होते. दोन्ही रांगांना एकत्र धरून ठेवील असा भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता, आणि दगडांमधला सांधा चिखलाचा होता. जमीन आडवी हलली तेव्हा मधला भराव खाली बसू लागला, त्याने दोन्ही रांगांना बाहेर ढकलले आणि भिंत उभी चिरल्यासारखी फाकली. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नसल्याने तिथेही फट पडली. ज्या घरांत लाकडी खांबांवर तुळया होत्या, तिथे कित्येकदा सांगाडा उभा राहिला आणि भिंती माणसांवर आल्या. जिथे छत थेट भिंतींवर टेकलेले होते, तिथे छतही आले. गावाच्या कडेला राहणाऱ्या गरिबांच्या कुडाच्या, छपराच्या हलक्या झोपड्यांनी हा धक्का त्या मानाने पुष्कळच सोसला.

छताची कथा याहून बोलकी आहे. माळवद म्हणजे तुळया, त्यांवर आडव्या लाकडांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड गिलावा. ही रचना उन्हाच्या दृष्टीने उत्तम. मे महिन्यात बाहेर चाळीस अंशांच्या वर पारा असताना माळवदाच्या घरात दुपारी झोप लागते, कारण जाड माती उष्णता आत यायला तासन्‌तास लावते. पण माळवद पावसात गळते. गळले की पुढच्या वर्षी त्यावर आणखी माती टाकायची, ती चोपायची, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. छताची जाडी अशी वाढत गेली आणि तिच्यासोबत वजनही. उन्हाचा प्रश्न मातीने सोडवला, पावसाचा प्रश्न आणखी मातीने सोडवला, आणि त्या दोन उत्तरांनी मिळून डोक्यावर टनावारी ओझे आणून ठेवले. ऊन, पाणी आणि हादरा या तिन्ही गोष्टी एकाच छताला आणि एकाच भिंतीला एकाच वेळी पेलायच्या असतात. एकीचा इलाज दुसरीचा आजार होऊ शकतो. बांधकामाच्या शिक्षणाचा गाभा मला इथे दिसतो. घराची भिंत आणि छत ही त्याची कातडी आहे, आणि ती शिकवताना तिचे तुकडे करून चालत नाही. माझे म्हणणे असे की बांधकामाचे नियम कारणांसह, एकत्र, मराठीतून आणि प्रत्यक्ष कामावर गवंड्याला शिकवले गेले, तरच ते घरात उतरतील. ते पदवीधराच्या अभ्यासक्रमात आणि सरकारी राजपत्रात कितीही सुबक लिहिले, तरी लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या गावातली भिंत त्यांच्याशिवायच उभी राहत जाईल.

यावर पहिला प्रश्न साहजिक येतो: नियम होते कुठे? भूकंपरोधक बांधकामाचे आपले मूळ मानक आयएस 1893 हे 1962 सालचे. त्याच्या 1984 च्या आवृत्तीत किल्लारीचा परिसर विभाग 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा खडक स्थिर आहे, इथे काही व्हायचे नाही, हीच शास्त्राची तेव्हाची समजूत होती. म्हणजे एखाद्या अभियंत्याने सगळे पुस्तक कोळून प्यायले असते, तरी पुस्तकाने त्याला इथे विशेष काही करायला सांगितले नसते. नकाशा बदलला तो 2002 मध्ये. तेव्हा विभाग 1 रद्द झाला आणि हा परिसर विभाग 3 मध्ये गेला. यावरून कोणी म्हणेल की दोष नकाशाचा होता, शिक्षणाचा नव्हता. मला नेमके उलट वाटते. ज्याला फक्त आकडा शिकवला, तो आकडा चुकला की संपला. ज्याला कारण शिकवले, त्याला आकड्याची वाट पाहावी लागत नाही. भिंतीच्या दोन रांगा आरपार दगडाने बांधल्या पाहिजेत, कोपरे गुंतवले पाहिजेत, छत हलके आणि भिंतींना धरून असले पाहिजे, या गोष्टी कोणत्याही विभागात खऱ्याच आहेत. जाड भिंतीत आरपार दगड घालावेत हे जुने चांगले कारागीरही जाणत होते, गढ्यांच्या आणि मंदिरांच्या कामात ते पाळलेले दिसते. साध्या घरांच्या कामातून ते सुटत गेले, कारण लांब दगड घडवायला वेळ आणि पैसा लागतो आणि तो का घालायचा हे सांगणारे कोणी उरले नाही. दगडमातीच्या बांधकामासाठीचे आयएस 13828 हे मानक 1993 सालचेच आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे की भिंत रचताना उंचीत दर 60 सेंटीमीटरला आणि लांबीत फार तर 120 सेंटीमीटरच्या अंतराने आरपार दगड हवा. नियम आणि मृत्यू एकाच वर्षाचे. त्याच शतकात याआधीही हेच घडले होते. रेल्वेचे अभियंता एस. एल. कुमार यांनी 1931 च्या भूकंपानंतर बलुचिस्तानात रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी भूकंप सोसणारी घरे बांधली. 1935 मध्ये क्वेटा शहर जमीनदोस्त झाले, ती घरे टिकली. ज्ञान होते, सिद्धही झालेले होते, पण शहरातल्या इतर बांधणाऱ्यांच्या हातांत ते उतरले नव्हते.

किल्लारीनंतर महाराष्ट्राने जे केले ते देशाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. जागतिक बँकेच्या मदतीने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. 52 गावे नव्या जागी वसली. पण शिक्षणाच्या दृष्टीने खरा मोलाचा भाग होता तो दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा, कारण त्यात सुमारे 2 लाख घरांचे मालक आपापले घर स्वतः सुधारणार होते. पैसा टप्प्याटप्प्याने मिळणार होता. अभियंते गावोगाव गेले, गवंड्यांना शिकवले गेले. उभ्या भिंतीतले दगड दोन्ही बाजूंनी अलगद काढून, आरपार भोक पाडून, त्यात आकडे वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. माळवदावरची माती कमी करायची आणि पाण्यासाठी मध्ये प्लास्टिकचा कागद घालायचा. खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे. दारांच्या वर भिंतीभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा बांधायचा. या साध्या, स्वस्त आणि डोके वापरून शोधलेल्या युक्त्या होत्या. त्यात ऊन, पाणी आणि हादरा तिघांचाही विचार होता. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो गावांतल्या महिला मंडळांनी हे ज्ञान घराघरांत नेले, बांधकामावर लक्ष ठेवले, आणि 2001 च्या भूकंपानंतर मराठवाड्यातल्या या बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांना शिकवून आल्या. हातातून हातात, तोंडातून तोंडात ज्ञान कसे जाते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

तरीही दोन गोष्टी हातून निसटल्या. एक म्हणजे कार्यक्रमाचा कालावधी संपला तशी शिकवणीही संपली. त्या वेळी शिकलेला गवंडी आज साठीच्या घरात आहे, आणि त्याच्या हाताखालच्या पोराने ते शिकावे अशी कुठलीही व्यवस्था मागे राहिली नाही. दुसरी म्हणजे लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली. अनेकांनी मजबुतीकरणाच्या पैशातून जुन्या भिंतीला हात न लावता शेजारी एक नवी विटांची, स्लॅबची खोली उभी केली. डोळ्यांदेखत दगडाने माणसे मेलेली पाहिली, त्यांना दोष कसा देणार? पण दगडाने माणसे मारली असे म्हणताना, न बांधलेल्या दगडाने मारली, हा फरक शिकवला गेला नाही. परिणामी लोकांनी कारण सोडून वस्तू बदलली. सिमेंट आले म्हणजे घर पक्के झाले, ही नवी अंधश्रद्धा तेव्हापासून मराठवाड्यात रुजली.

मुरुडसारख्या बाजारगावात आज जे घर बांधले जाते, त्यात ही अंधश्रद्धा प्रत्येक टप्प्यावर दिसते. रस्त्याकडेच्या इमारतीत खाली दुकानाचे गाळे, वर राहायची खोल्यांची रांग. गाळ्यांना भिंती नाहीत, फक्त कॉलम. वर मात्र भिंतीच भिंती. धक्का बसला की सगळे वजन आणि सगळा ताण त्या खालच्या मोकळ्या मजल्यावर येतो. 2001 मध्ये भूजपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती पायातून मोडल्या. कॉलममधल्या रिंगांचे टोक 135 अंशांत आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रोवायचे असते, म्हणजे धक्क्यात बाहेरचे काँक्रीट सुटले तरी रिंग उघडत नाही. 90 अंशांत वळवलेली रिंग अशा वेळी सहज उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. दोन्ही रिंगांना लागणाऱ्या लोखंडात फरक बोटभराचा. म्हणजे इथे अडचण पैशांची नाही. सळई वाकवणाऱ्या माणसाला कोणीही कधी हे सांगितलेले नसते, आणि सांगितले असेल तर का ते सांगितलेले नसते. काळ्या जमिनीचेही तसेच. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घेतलेल्या घराच्या भिंती दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या तडकतात. ती भेग बुजवून रंग देणारा मिस्त्री गावोगाव सापडतो. ती का आली हे ओळखून पाया खोल घेणारा क्वचित.

पाण्याचा मुद्दा तर या भागात वेगळा मांडावाच लागतो. आयएस 456 सांगते की काँक्रीट किमान 7 दिवस सतत ओले ठेवावे. राखमिश्रित किंवा तत्सम सिमेंट असेल, किंवा हवा कोरडी आणि तापलेली असेल, तर किमान 10 दिवस. आज बाजारात येणारे बरेचसे सिमेंट मिश्रितच असते, आणि मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा व तापलेला नसेल तर दुसरा कुठला? ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे मार्च ते मे या काळात घरे बांधण्याची घाई असते. टँकरच्या पाण्यावर दोन-तीन दिवस पाणी मारले की स्लॅब झाला. ते काँक्रीट वरून कडक दिसते, पण त्याची ताकद ठरल्यापेक्षा बरीच कमी राहते. त्यातून पाणी आत झिरपते, सळई गंजते, आणि पंधरा-वीस वर्षांनी छताचे पोपडे पडतात. ओल्या पोत्यांनी किंवा प्लास्टिकच्या कापडाने झाकून थोड्या पाण्यातही स्लॅब ओला ठेवता येतो, हे शिकवायला कुठली प्रयोगशाळा लागते? दुष्काळी भागातल्या बांधकाम शिक्षणाचा हा पहिल्या आठवड्यातला धडा असायला हवा.

आणि मग ऊन. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून प्रत्येक चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर एका अंशाच्या फरकामागे, तीन वॉट किंवा त्याहून जास्त उष्णता आत येते. केंद्र सरकारच्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’नुसार छतासाठी ही मर्यादा 1.2 आहे. म्हणजे माळवद पाडून आपण जे छत घातले, ते आपल्याच नियमाच्या अडीचपट उष्णता आत घेते, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती खोलीत ओततो. पण ही संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आहे. मुरुडच्या गल्लीतले घर तिच्या कक्षेत येतच नाही. ज्यांना वातानुकूलन परवडते त्यांच्यासाठी नियम, आणि ज्यांना रात्री गच्चीवर झोपावे लागते त्यांच्यासाठी काही नाही. अशा घरांपर्यंत कायदा पोहोचणार नसेल, तर ज्ञान पोहोचवण्यावाचून गत्यंतर नाही. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर, फुटक्या फरशांचा उतार, पश्चिमेच्या भिंतीला सावली, खिडकीवर पुरेसे लांब छज्जे, या सगळ्यांचा खर्च स्लॅबच्या मानाने किरकोळ आहे.

मग अभियांत्रिकी शिक्षण काय करते? नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेपासून लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनापर्यंत या भागात स्थापत्य शिकवणाऱ्या चांगल्या संस्था आहेत. भूजच्या भूकंपानंतर 2003 पासून केंद्र सरकारने भूकंप अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवून प्राध्यापकांना प्रशिक्षणही दिले. पण आपला अभ्यासक्रम गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. काँक्रीटचे गणित एका सत्रात, बांधकाम साहित्य दुसऱ्यात, उष्णतेचा विचार वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि दगडविटांच्या भारवाही भिंतीचा विषय ओझरता. मराठवाड्यातली अजूनही उभी असलेली कितीतरी घरे दगडमातीचीच आहेत आणि त्यांची डागडुजी कशी करावी हे सांगू शकणारा पदविकाधारक मिळत नाही. मानके मुख्यतः इंग्रजीत आणि काही हिंदीत. ती आता विनामूल्य पाहता येतात, ही मोठीच सुधारणा. पण मराठीत, चित्रांसह, गवंड्याच्या शब्दांत लिहिलेली पुस्तिका प्रत्येक तंत्रनिकेतनातून निघायला हवी होती, आणि ती लिहिणे हा विद्यार्थ्याच्या परीक्षेचा भाग असायला हवा होता. ज्याला नियम मिस्त्रीला समजावता येत नाही, त्याला तो स्वतःला समजला आहे हे मी मान्य करणार नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप असा की हा शिक्षणाचा नव्हे, अंमलबजावणीचा प्रश्न आहे. तपासणी कडक करा, दंड करा, लोक आपोआप शिकतील. या म्हणण्यात तथ्य आहे. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये भूकंपाशिवायच एक पाच मजली इमारत कोसळून 16 माणसे मेली. जिथे ठेकेदाराला कळूनही तो लोखंड खातो, तिथे शिकवणी कामाची नाही, तुरुंगच हवा. पण मुरुडसारख्या गावातली बहुतेक घरे बांधणारा ठेकेदार लबाड नसतो. तो तीन-चार माणसे घेऊन काम करणारा कष्टकरी असतो. शिवाय काँक्रीट भरल्यावर आत रिंग कशी वळली होती, हे कुठल्याच तपासनिसाला दिसत नाही. काम चालू असताना तिथे हजर असलेला एकमेव तपासनीस म्हणजे गवंडी. दुसरा आक्षेप, भूकंप इथे शतकातून एकदा, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर वर आलेच आहे: तीच शिकवणी दरवर्षीच्या उन्हाची, पावसाची आणि तडकणाऱ्या भिंतीचीही आहे. भूकंप तिच्या पोटात येतो. तिसरा आक्षेप मला सर्वांत खटकतो. गवंडी शिकलेला नसतो, त्याला नियम काय कळणार, असे शिकलेली माणसे सहज बोलून जातात. ओळंबा आणि पाणसळ यांच्या साहाय्याने तो रोज भूमितीच करत असतो. त्याला कमी पडते ते कारण, आणि कारण सांगायला आपण कधी त्याच्याकडे गेलो नाही.

करता येते याचे पुरावे आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांसाठी 45 दिवसांचे प्रशिक्षण आहे, आणि ते प्रत्यक्ष घर बांधतच दिले जाते. नेपाळने एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर काम जाणणाऱ्या गवंड्यांसाठी 7 दिवसांचा आणि नवशिक्यांसाठी 50 दिवसांचा अभ्यासक्रम चालवला, आणि घरमालकाच्या अनुदानाचा पुढचा हप्ता त्या टप्प्याचे काम तपासूनच दिला. शिकणे आणि पैसा एकमेकांना बांधले की दोन्ही टिकतात, हे किल्लारीलाही दिसले होते. फक्त आपण ते संकटापुरते केले. उरतो पैशांचा प्रश्न, कारण रोजंदारीवर जगणारा माणूस मजुरी बुडवून वर्गात बसणार नाही, आणि त्याने बसावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. 1996 च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर लागू झाला आणि तो महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. ठरावीक खर्चापर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला तो लागू नाही, त्यामुळे गरिबावर बोजाही पडत नाही. या निधीतून कामगारांना सुरक्षा संच आणि भांड्यांचे संच मिळतात, ते मिळावेतच. पण त्याच निधीतून गवंड्याला प्रशिक्षणाच्या दिवसांची पूर्ण मजुरी द्यावी, दर तीन-चार वर्षांनी त्याला पुन्हा बोलवावे, प्रमाणपत्र असलेल्या गवंड्याला ग्रामपंचायतीच्या आणि घरकुलाच्या कामात प्राधान्य द्यावे, आणि शिकवायला तंत्रनिकेतनातल्या मास्तरांसोबत 1994 नंतर आरपार दगड बसवायला शिकलेले जुने कारागीर मानधनावर घ्यावेत. ते कारागीर अजून काम करू शकतात, अजून दाखवू शकतात. आणखी दहा वर्षांनी त्यांच्याकडून शिकायचे ठरवले, तर तेव्हा विचारायला फारसे कोणी उरणार नाही.